एक वीत सैल

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला मी नाही. या सदरात लोक लिहितात ना... पैंजणांचा आवाज, वळणावरची बाई, अमुक ठिकाणी आपोआप बंद पडणारी गाडी... ते वाचून मी आजवर फक्त चिडचिड केली आहे. अरे बाबांनो, गाडी बंद पडली तर बॅटरी बघा, डिझेल आहे का बघा, बाई कसली बघता! चाळीस वर्षं मी पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त केल्या. फॉल्ट असतोच, सापडत नाही कारण बघणारा धड बघत नाही, हे वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. आणि आता मीच इथे लिहायला बसलोय. बायको, शालिनी, मागे उभी राहून हसतेय. हसू दे.

आम्ही बेंगळुरूचे. म्हणजे नोकरीसाठी आलेले नव्हे, आमचं घराणं इथे तीनशे वर्षांपासून आहे. घर आणि वर्कशॉप येलहंक्यात, जंक्शनपासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच स्वल्प (म्हणजे थोडं), सरी (म्हणजे बरं) असलं काहीबाही येईल. पुण्याच्या लोकांनी कानाडोळा करावा. माझे जावई पुण्याचेच आहेत, ते करतात.

अनुभव विंचचा आहे, तेव्हा विंच म्हणजे काय ते आधी सांगतो. जीपच्या पुढच्या बंपरवर एक मोटर आणि एक ड्रम बसवलेला असतो. ड्रमवर तारेचा दोर, दोराच्या टोकाला हुक. हातात वायरचा रिमोट, त्यावर दोन बटणं. इन दाबलं की दोर आत गुंडाळला जातो, आउट दाबलं की बाहेर सुटतो. चिखलात रुतलेल्या गाडीला हुक लावायचा आणि ओढायचं. झालं. एवढं सोपं दिसतं म्हणूनच लोक मरतात. ताणलेला दोर तुटला किंवा हुक निसटला तर तो जीपकडे परत येतो, आणि डोळ्याला दिसायच्या आत येतो.

ही जीप आणि हा विंच माझ्या थोरल्या भावाचा, अण्णांचा. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. देवनहळ्ळीकडे द्राक्षांचे मळे होते तेव्हापासून तिकडे कुणाची गाडी अडकली की बोलावणं अण्णांनाच. विंचच्या बाबतीत ते फार कडक. हातमोज्यांशिवाय दोराला हात लावायचा नाही. ताणलेला दोर ओलांडायचा नाही, कितीही घाई असो. ड्रमवर पाच वेढे राहिलेच पाहिजेत. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटलाच तर उसळणार नाही. जीपचं बॉनेट उघडून उभं करायचं, म्हणजे उडालेली वस्तू काचेवर न येता त्यावर आदळेल. आणि दोराच्या टप्प्यात माणूस नको म्हणजे नको. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत एकाचा पंजा गेला होता, तेव्हापासून हे सगळं.

त्यांची आणखी एक सवय होती, तिचा मला मनस्वी राग यायचा. हुक लावायचं काम बहुतेक वेळा गाडीच्या मालकाने किंवा मी केलेलं असे. दोर ताणला गेला की अण्णा थांबत. जोडणीबद्दल जरा शंका आली तर तोंडाने एक अक्षर बोलत नसत. आउट दाबून दोर एक वीतभर सैल सोडत आणि आभाळाकडे बघत बसत. ज्याने हुक लावला त्याला बरोबर कळायचं. तो मुकाट्याने जाऊन कडी हलवून बघायचा, काही कमीजास्त असेल ते नीट करून यायचा. मी म्हणायचो, "अण्णा, सरळ सांगा ना की नीट लावला नाहीस म्हणून! हे काय नाटक?" ते म्हणायचे, "चार लोकांत कशाला कुणाला कमी करायचं? सैल सोडलं की समजतंय."

चार वर्षांपूर्वी अण्णा गेले. झोपेतच गेले.

मी मात्र त्यांच्या उलट. मला दिसलं की मी बोलतो, आणि बोलून थांबत नाही, समोरच्याचं काम स्वतःच्या हाताने परत करतो. यावरूनच आमच्याकडे मोठं रामायण झालं होतं. मुक्ता माझी एकुलती एक मुलगी. जावई निखिलराव आयटीत, दोघं मारतहळ्ळीला राहतात. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्याच्या आदल्या दिवाळीत त्यांचे आईवडील पुण्याहून आले होते. निघताना गाडीचं चाक पंक्चर, निखिलरावांनी हौसेने स्वतः बदललं. मी त्यांच्या आईवडिलांसमोर पाना घेतला आणि पाचही नट परत आवळले. दोन सैल निघाले, आणि गप्प बसेन तो मी कसला! "बघा, रस्त्यात चाक निघालं असतं." निखिलरावांचा चेहरा उतरला. रात्री मुक्ताचा फोन, रडत होती. "अप्पा, त्याच्या आईसमोर? पुन्हा त्याच्या कामात हात घालू नका. शपथ आहे माझी." शालिनीनेही धुवून काढलं. जावई आहे तो, तुमच्या वर्कशॉपमधला कामगार नाही. सरी, म्हटलं. पुन्हा नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षीची खंडेनवमी. इथे आयुधपूजा म्हणतात, अख्ख्या बेंगळुरूत गाड्यांना केळीचे खुंट बांधून फिरवतात. आमच्या घरी सकाळी पाटावर सगळी हत्यारं मांडतात... पाने, पक्कड, मल्टीमीटर, आणि अण्णांचा तो विंचचा रिमोट, निळी टेप गुंडाळलेला. हळदकुंकू लावलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही, अशी पद्धत. जीप धुतली, चाकाखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. शालिनीने झेंडूचा जाडजूड हार बॉनेटवरून आडवा घेऊन दोन्ही बाजूंना घट्ट बांधला.

जेवण करून जरा आडवा होतो तर मुक्ताचा फोन.

"अप्पा, आधी रागावू नका..."

पोरीने असं म्हटलं की माझं रक्त आधीच तापतं. निखिलरावांच्या मित्राने देवनहळ्ळीच्या पुढे एका नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला होता, तो बघायला हे दोघं गेले होते. मोठी कमान, कमानीच्या आत अर्धा किलोमीटर डांबरी रस्ता, आणि पुढे रस्ता संपून थेट तळ्याचा उतार. नवी कोरी गाडी, मोठ्या चाकांची. उतरते का बघू म्हणून उतारावर घातली आणि पुढची चाकं थेट गाळात.

"बाजूने पाणी दारापर्यंत आलंय, आणि गाडी हळूहळू खाली सरकतेय. वर ढग पण आलेत. निखिल म्हणतोय क्रेन मागवू, पण आज सुट्टी, कुणी फोनच उचलत नाही."

मी उठलो, पाटावरचा रिमोट उचलला. शालिनी आडवी आली.

"अहो! पूजेतला रिमोट? आज?"

"पोरगी तिथे चिखलात उभी आहे, पूजेचं काय घेऊन बसलीस!"

"बरं, पण हार तरी तोडू नका. उद्यापर्यंत राहू दे तो. माझ्यासाठी."

सरी, म्हटलं. हार राहिला. म्हणजे बॉनेट उघडता येणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, एका दिवसाने काय होतंय. अण्णांनी ऐकलं असतं तर तिथेच किल्ली काढून घेतली असती.

तीनच्या सुमाराला पोचलो. मुक्ता गुडघ्यापर्यंत चिखलात, निखिलराव कपाळाला हात लावून, आणि लेआउटचा वॉचमन कल्व्हर्टवर, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर, बसून दोघांना कन्नडमध्ये सल्ले देतोय. गाडीचं तोंड तळ्याकडे, शेपूट वर रस्त्याकडे. मी जीप डांबरावर सरळ रेषेत लावली, चाकांना लाकडी ठोकळे दिले, मुक्ताला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "ब्रेक दाबून धर आणि इंजिन बंद पडू देऊ नकोस," म्हटलं. दोरावर गोणपाट टाकलं. एवढं सगळं केलं, आणि पोरीला दोराच्या टप्प्यात बसवलं. माणूस नको म्हणजे नको, हे मला तोंडपाठ होतं. पण रस्ता उताराचा, ठोकळ्यांबरोबर ब्रेकवर एक पाय हवा, मी तरी असं मनाला सांगितलं.

आजकालच्या गाड्यांना ओढायची कडी बाहेर नसते. ती डिकीतल्या हत्यारांत ठेवलेली असते. बंपरवरचं छोटं झाकण काढायचं आणि तिथल्या भोकात कडी आट्यांवर फिरवून बसवायची. निखिलराव ती घेऊनच उभे होते.

"मी लावतो, अप्पा. मॅन्युअल वाचलंय. उलटे आटे आहेत याला, डावीकडे फिरवायचं."

बरोबर होतं ते. त्यांनी फिरवली, जोर लावला, हात झटकले. "टाइट."

माझे हात शिवशिवत होते. अगदी पुढे गेलो होतो दोन पावलं. आणि मग ती दिवाळी आठवली, मुक्ताची शपथ आठवली. जीपमधून ती माझ्याकडेच बघत होती. मी थांबलो. म्हटलं, "उत्तम, निखिलराव." हुक त्यांच्याकडे दिला, तोही त्यांनीच अडकवला. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याने लावलेली कडी न तपासता परत फिरलो. मुक्ताच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं तेव्हा!

निखिलराव त्यांच्या गाडीत बसले. मी बाजूला, वायर पुरेल तितका लांब. इन दाबलं. सैल दोर आत आला, गोणपाट वर उचललं गेलं, दोर ताणला. इथवर व्यवस्थित. मग प्रत्यक्ष ओढायला म्हणून परत इन दाबलं.

टक्क आवाज झाला, मोटर फिरली, आणि दोर सैल पडला.

मला वाटलं चुकून दुसरं बटण दाबलं. परत ताणला, बटणाकडे बघून इन दाबलं. परत सैल. ड्रम उलटा फिरत होता, माझ्या डोळ्यांसमोर. एक वीतभर दोर सुटायचा आणि थांबायचा.

आता जाणकार लिहितील, "काका, दोर ड्रमवर उलटा गुंडाळला असेल, मग इनचं आउट होतं." बघितलं! दोर खालून येत होता, हवा तसाच. "ब्रेक घसरला असेल." ब्रेक घसरला तर ताण कमी होतो, दोर लोंबकळत नाही, आणि मोटर उलटी फिरत नाही! बॅटरीची टोकं बघितली, जाड केबली एकेक करून हलवून बघितल्या, रिमोटचा प्लग काढून पुसून लावला. जीपमधला जुना मल्टीमीटर लावला. सगळं जिथल्या तिथे. परत दाबलं. परत एक वीत सैल.

वॉचमन हसायला लागला. "अदु बेडा अंतिदे, सार." ते नको म्हणतंय, म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निखिलराव चिखल तुडवत वर आले. "काय झालं?"

"काही झालं नाही. थांबा."

हुक त्यांच्याकडून काढून घेतला, रस्त्याच्या कडेला एक होंग्याचं, म्हणजे करंजाचं, झाड होतं, त्याला पट्टा गुंडाळून हुक लावला. ठोकळे काढून मुक्ताला ब्रेक सोडायला सांगितलं. इन दाबलं, जीप आपली झाडाकडे सरसर सरकली. पाच वेळा केलं, पाचही वेळा बरोबर! म्हणजे विंच ठीक. जीप मागे घेतली, ठोकळे लावले, हुक परत निखिलरावांनी गाडीला लावला. दोर ताणला. इन... आणि एक वीत सैल.

तुम्ही कधी असं मशीन हाताळलंय का, ज्यात दोष नाही आणि तरी ते चालत नाही? माणसाला वेड लागायची पाळी येते. दोष असता तर मी आनंदाने मान्य केला असता. निखिलराव म्हणाले, "द्या बरं, मी बघतो," आणि रिमोट घेऊन स्वतः दाबला. त्यांच्या हातूनही तेच. मग हळूच म्हणाले, "अप्पा, मशीन स्वल्प जुनं झालंय का?" तो कन्नड स्वल्प नेमका त्याच दिवशी बरा सुचला त्यांना!

त्यात शालिनीचा फोन. "मी सांगितलं होतं हात लावू नका म्हणून. नारळ फोडा, क्षमा मागा."

"कुणाची क्षमा? विंचची?" मी ओरडलो. फोन ठेवून दिला. तिकडे गाडी आणखी चार बोटं खाली गेली होती, वारं सुटलं होतं आणि थेंब पडायला लागले होते. रडू येईल की काय असं झालं मला. साठ पार केलेला माणूस मी, त्या उतारावर उभा राहून एका लोखंडी ड्रमला शिव्या घालत होतो, आणि शिव्या मराठीतल्या संपल्यावर कन्नडमधल्या.

शेवटी म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे. हुक काढून टाकतो, सगळं गुंडाळतो, उद्या बघू. मी स्वतः चिखलात उतरलो आणि हुक काढायला म्हणून त्या कडीला हात घातला.

कडी हलली.

मी दोन बोटांनी फिरवली. एक फेरा, दुसरा फेरा... आणि कडी माझ्या हातात आली. दोन आट्यांवर बसली होती, फक्त दोन! दहाबारा आट्यांची कडी. भोकात वाळू गेली होती, त्यामुळे दुसऱ्या आट्याला ती अडकली आणि निखिलरावांना वाटलं घट्ट झाली.

मी मान वर केली. माझ्या हातातल्या कडीपासून दोर सरळ वर जीपकडे गेला होता. दोराच्या टोकाला विंच, त्यावर बंद बॉनेट, बॉनेटवर झेंडूचा हार. आणि काचेमागे मुक्ता. ब्रेकवर पाय दाबून, क्लिप दातांत धरून केस बांधत होती.

तुम्हाला वाचताना केव्हाच कळलं असेल. मला तिथे कळलं, कडी हातात धरून. एक वीत. दर वेळी दोर ताणल्यावर, दर वेळी बरोबर एक वीत. हे मी वीस वर्षं बघितलं होतं, वीस वर्षं त्यावरून कटकट केली होती, आणि समोर पाच वेळा झालं तरी मी बॅटरीच्या टोकांना पॉलिश करत बसलो होतो!

निखिलराव शेजारी येऊन उभे राहिले होते. कडी बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अप्पा, मी टाइट केली होती. खरंच. आणखी फिरतच नव्हती."

ओरडायला मी केव्हाही तयार असतो, पण ओरडू कुणावर? त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी तपासलं नव्हतं. मी रुमालाने भोकातली वाळू काढली, आटे पुसले, कडी पूर्ण आत फिरवली आणि चाकाच्या पान्याचा दांडा तिच्यात घालून आवळली. मग निखिलरावांना म्हटलं, "आता तुम्ही हलवून बघा." त्यांनी दोन्ही हातांनी हलवून बघितली. वर जाऊन मी हार तोडला, बॉनेट उभं केलं, मुक्ताला खाली उतरवून पार कल्व्हर्टच्या पलीकडे पाठवलं. ब्रेकसाठी पाय हवा, हे कारणही खोटंच होतं. चाकांना रस्त्यावरचे दोन मोठे दगड लावले आणि हँडब्रेक ओढला, जीप तसूभर हलली नाही.

इन दाबलं. दोर आत यायला लागला. गाडीने पचाक करून आवाज केला आणि एकसारखी, न थांबता वर आली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

जीपच्या मागच्या फळीवर आम्ही दोघं बसलो होतो तेव्हा निखिलरावांनी विचारलं, "अप्पा, तुम्ही सगळ्याच गोष्टी तपासता. हीच का नाही तपासलीत?"

"तुम्ही जावई," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

ते एकदम भडकले, मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "जावई म्हणून मुक्ताला मारणार होतो का आपण? मला ते निखिलराव नको आणि अहो-जाहो नको. चुकलं तर सांगा. पण फक्त मला सांगा हो, सगळ्या गावाला नको!"

मी मान डोलावली. अण्णा हेच सांगत होते ना मला, वीस वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, भावाने वाचवलं, काका, पाया पडा. शालिनीही तेच म्हणते. मुक्ताही. वॉचमनचं मत पूजेचं, आयुधपूजेच्या दिवशी यंत्र झोपलेलं असतं म्हणे. मला सगळ्यांचाच राग येतो. झोपलेलं यंत्र झाडाला हुक लावल्यावर बरं ओढतं! आणि अण्णा असतील तर मग मला ते सरळ का नाही सांगत? एवढ्या वर्षांनी भेटायचं आणि तेसुद्धा आउट दाबून? दोन शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं त्यांचं?

मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खा विंच उघडला. मोटर, ब्रेक, सॉलेनॉइड, रिमोटमधला एकेक जोड. महिनाभर वर्कशॉपचं बाकीचं काम बाजूला ठेवून हेच. ओल धरून बघितलं, पाणी मारून बघितलं, बॅटरी उतरवून बघितलं. इन दाबलं की आत, आउट दाबलं की बाहेर. एकदाही उलटं नाही.

मग निखिलनेच एक सुचवलं. तो इंजिनिअर आहे शेवटी. भंगारातला एक जड चासिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, तुकडा आणला, त्याला तसंच आट्याचं भोक, त्यात ती कडी दोनच आट्यांवर बसवली. तुकडा मोकळ्या मैदानात खुंट्यांनी जखडला. जीपची पुढची काच काढून तिथे जाड प्लायवूड लावलं. बॉनेट बंद, दोरावर गोणपाट, सगळं त्या दिवसासारखं, फक्त जीपमध्ये कुणी नाही. रिमोटची वायर जोड देऊन लांब केली आणि आम्ही दोघं भिंतीआड. तुम्ही घरी असलं काही करू नका, आम्हीही पुन्हा करणार नाही. दोर ताणला. मी इन दाबलं, आणि विंचने ओढलं. न कुरकुरता ओढलं! एक इंच सैल सोडलं नाही. धाडकन आवाज आला.

भिंतीआडून बाहेर आलो तर प्लायवूडमध्ये मुठीएवढं भोक. ड्रायव्हरच्या बाजूला. कडी आत सीटच्या पाठीत रुतलेली.

निखिल तिथेच खाली बसला. मी त्या विंचवर हात आपटून ओरडलो, "मग त्या दिवशी का नाही? आज का ओढलंस?" निखिल हळू आवाजात म्हणाला, "अप्पा, आज आत कुणी नव्हतं." मी त्याला म्हटलं, असलं काही बोलू नकोस. पण त्याचं बोलणं खोडून काढायला माझ्याकडे काहीही नाही, आणि त्यानेच माझं डोकं फिरतं. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, फॉल्ट असतोच. हा सापडत नाही. कुणाला सापडला तर सांगा. "लूज कनेक्शन" लिहिणाऱ्यांनी मात्र कृपा करून वरचं परत एकदा वाचावं.

गेल्या आठवड्यात येलहंक्याच्या मागच्या बाजूला एकाची गाडी गटारात गेली. रविवार होता, निखिल आलेला होता, माझ्याबरोबर आला. हुक त्याने लावला. बघायला पाचपन्नास लोक जमलेले. दोर ताणला गेला आणि मी थांबलो. कडीबद्दल खरं तर शंका नव्हती काही. तरी मी आउट दाबलं, दोर एक वीतभर सैल सोडला, आणि आभाळाकडे बघत उभा राहिलो. निखिल मुकाट्याने गेला, कडी दोन्ही हातांनी हलवून बघितली, परत आला, मान डोलावली.

त्या दिवशी आउट मी दाबलं होतं. खंडेनवमीला कुणी दाबलं, ते मला माहीत नाही.